कोकणातून कृष्णविवरांच्या अभ्यासाकडे: नव्याने निघालेल्यांसाठी वाट

विजयदुर्ग किल्ल्यात गेलात की कोणीतरी तुम्हाला ‘साहेबाचे ओटे’ दाखवतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथे दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लावला, असं सांगितलं जातं. शाळेत विज्ञान दिनाच्या भाषणात मीही हे ठासून सांगितलं होतं. बी.एस्सी.ला गेल्यावर आमच्या भौतिकीच्या सरांना तीच गोष्ट अभिमानाने ऐकवली. ते म्हणाले, “छान. पण ऑगस्टात तुमच्याकडे सूर्य दिसतो का गं?”

मी गप्पच झाले. ऑगस्टात आमच्याकडे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? मग सरांनीच वाचायला लावलं. १८६८ चं ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. तिथूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यातली पिवळी रेषा टिपली. त्या रेषेमागचं मूलद्रव्य म्हणजे हेलियम. ते पृथ्वीवर सापडलं १८९५ मध्ये, रॅमसे यांना. लॉकियर विजयदुर्गला आले हे मात्र खरं आहे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. जानेवारीत आमचं आकाश कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला उपकरणं लावून बसले होते. विजयदुर्गची ही खरी गोष्ट मला ऐकीव गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

आता मी खगोलभौतिकीत संशोधन करते. सुट्टीत घरी आले की कोणी ना कोणी मुलाला नाहीतर मुलीला घेऊन येतं. “हिला ते ब्लॅक होलचं करायचंय, काय करायचं ते सांग.” मी सांगते, आणि दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून हे एकदा सलग लिहून काढलं आहे. पहिली पायरी वर आलीच: ऐकलेली गोष्ट, अगदी आपल्या गावाच्या अभिमानाची असली तरी, स्वतः पडताळून बघायची. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर हेच करायचं आहे, फक्त गणित वाढत जातं.

दहावीपर्यंत: भरतीचं गणित करा

इतक्यात दुर्बीण विकत घेऊ नका. गुरूचे चंद्र, शनीची कडी जरूर बघा, पण दुसऱ्या कोणाच्या दुर्बिणीतून. तुमच्या दारात समुद्र आहे, तो पुण्या-नागपूरच्या मुलांकडे नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हेही ठाऊक असतं. आता त्याचा हिशोब मांडा.

सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या साधारण २ कोटी ७० लाख पट आहे, आणि सूर्य चंद्रापेक्षा साधारण ३९० पट लांब आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होतं, म्हणून २ कोटी ७० लाखांना ३९० च्या वर्गाने भागा. उत्तर १७८ च्या आसपास येईल. म्हणजे सूर्य पृथ्वीला चंद्राच्या १७८ पट जोराने ओढतो. मग भरती चंद्राच्या तालावर का चालते? कारण भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडच्या बाजूला कमी. हा फरक अंतराच्या घनाने घटतो. आता ३९० च्या घनाने भागून बघा. ०.४६ येतं. सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही थोडी कमी. दोघं एका रेषेत आले की बेरीज, ते उधाण. काटकोनात आले की वजाबाकी, तो भांग.

कृष्णविवराच्या, म्हणजे जिच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही अशा वस्तूच्या, फार जवळ गेलेला तारा फाटतो तो याच फरकामुळे. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीत इतकं अंतर पडतं की ताऱ्याचं स्वतःचं गुरुत्व त्याला बांधून ठेवू शकत नाही. फाटलेला वायू कृष्णविवराभोवती फिरत तापतो आणि काही महिने झगमगतो. दुर्बिणींना असे झगमगाट दिसतात, आणि जगभरात माणसं त्यांच्यावर पीएच.डी. करतात. आठवीतल्या भागाकाराने तुम्ही त्या विषयाच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहता. म्हणून मी दुर्बिणीच्या आधी वही घ्यायला सांगते.

आकाश ओळखायला शिका, ऑक्टोबर ते मे. मृगाचा पाऊस जूनमध्ये येतो, पण तेव्हा मृग नक्षत्र दिसत नाही, कारण सूर्यच त्या भागात असतो. मृग बघायचा असेल तर जानेवारीच्या संध्याकाळी बघा. एप्रिल-मेमध्ये पहाटे दक्षिणेकडे धनू राशी वर आलेली असते. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी सूर्याच्या ४० लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे, ते त्याच दिशेला. आपल्याकडून तो भाग क्षितिजापासून चांगला ४४ अंश वर येतो. लंडनच्या मुलाला तो जेमतेम दिसतो.

मराठी माध्यमाची भीती बाळगू नका. मी दहावीपर्यंत मराठीतच शिकले. नववीपासून एका वहीत डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे त्याचा इंग्रजी शब्द लिहीत गेले: संवेग, त्वरण, विद्युतचुंबकीय, सदिश. अकरावीत पहिले दोन महिने त्या वहीने मला तारलं.

अकरावी-बारावी: गणित सोडू नका

या टप्प्यावरची एक चूक महाग पडते, ती म्हणजे गणित सोडणं. डॉक्टर व्हायचं नक्की नसताना ‘बघू’ म्हणून गणित सोडलं की पुढची बहुतेक दारं बंद होतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवंच. जीवशास्त्रही ठेवता आलं तर उत्तम, कारण आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत त्याचेही प्रश्न असतात.

बारावीनंतर खगोलभौतिकीकडे जाणारे सरळ रस्ते असे. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांत पाच वर्षांचा बीएस-एमएस, त्यासाठी आयएटी. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईतलं सीईबीएस या तशाच संस्था, त्यांच्यासाठी नेस्ट ही परीक्षा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा (आयआयएससी) पदवीक्रम. आणि सरळ बी.एस्सी. इंजिनिअरिंग करूनही येता येतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग) टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेझर, निर्वात नळ्या, कंपनं शोषणारे टांगलेले आरसे. तिथे भौतिकीवाल्यांइतकेच इंजिनिअर लागणार आहेत. त्यामुळे इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाने ‘माझी गाडी चुकली’ असं मनात आणू नये.

आयएटी आणि नेस्टचे अर्ज साधारण मार्च ते मे दरम्यान भरायचे असतात. आपल्याकडे तो आंब्याचा हंगाम. घरात पेट्या भरायची धांदल, मुंबईच्या गाड्या, कोणालाच वेळ नसतो. ज्या मुलांचे अर्ज राहिलेले मी पाहिलेत त्यातल्या बऱ्याच जणांचे अशाच दिवसांत राहिले. कॅलेंडरवर तारखा लाल शाईने लिहून स्वयंपाकघरात लावा, म्हणजे आईची नजर पडेल.

खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडची पहिली परीक्षा नोव्हेंबरात असते, अर्ज त्याच्या दोन-तीन महिने आधी. पुढची निवड आणि प्रशिक्षण मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातर्फे होतं. २०२५ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही मुंबईतच झाली. निवड झाली नाही तरी बिघडत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात, आणि त्या सोडवणं हीच खरी कमाई.

बी.एस्सी. जवळच्या कॉलेजात केली तर

रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी, देवगड, कुठेही करा. कॉलेज लहान असल्याने तुमचं नुकसान होत नाही. माहिती उशिरा पोहोचल्याने होतं.

माझंच सांगते. तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येतं, राहण्या-जेवणापुरते पैसेही मिळतात. मी दुसऱ्या वर्षाला असताना त्याची सूचना आमच्या कॉलेजच्या फलकावर लागली ती मुदत संपून नऊ दिवस झाल्यावर. कागद आधीच आला होता, कोणाच्या तरी टेबलावर पडून होता. त्या दिवशी मी एसटीत खिडकीकडे तोंड करून घरी आले. तेव्हापासून दर महिन्याच्या १ तारखेला मी स्वतः आयुका आणि एनसीआरए (दोन्ही पुण्यातल्या खगोलसंशोधन संस्था), टीआयएफआर (मुंबईतली मूलभूत संशोधन संस्था), होमी भाभा केंद्र आणि विज्ञान अकादमी यांची संकेतस्थळं उघडून बघायला लागले. पंधरा मिनिटांचं काम आहे. तुम्ही आजपासून सुरू करा.

काय शोधायचं? आयुकाचे सुट्टीतले विद्यार्थी कार्यक्रम, आयुका आणि एनसीआरए मिळून घेतात ती रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा, होमी भाभा केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा नियस कार्यक्रम, आणि एम.एस्सी.च्या मुलींसाठी विज्ञान विदुषी. अर्जासोबत शिफारसपत्र लागतं, त्यामुळे ज्या सरांकडे किंवा मॅडमकडे मागायचं त्यांना तीन आठवडे आधी सांगा. सोबत तुमचे गुण आणि तुम्ही केलेलं काम एका पानावर लिहून द्या.

अभ्यासात चार विषय पक्के करा: अभिजात यामिकी (क्लासिकल मेकॅनिक्स), विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स), सांख्यिकीय भौतिकी. गणितात रेषीय बीजगणित आणि विकलक समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स). आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची घाई नको. व्यापक सापेक्षता सिद्धांतावरची लोकप्रिय पुस्तकं वाचून झालेल्या पण साधं लंबकाचं समीकरण मांडता न येणाऱ्या मुलांची मुलाखतीत फार पंचाईत होते.

आणि पायथॉन ही संगणकाची भाषा शिका. जुना लॅपटॉप चालतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने पकडलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीची मूळ नोंद इंटरनेटवर सर्वांना खुली आहे, बत्तीस सेकंदांची फाइल उतरवून घेता येते. ती उघडलीत की आधी नुसता गोंगाट दिसेल. जमिनीचा थरकाप, विजेच्या तारांची गुणगुण, सगळं त्यात आहे. पायरीपायरीने तो गाळत गेलात की मध्ये सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा एक तुकडा उभा राहतो, वारंवारता ३५ हर्ट्झपासून २५० पर्यंत चढत गेलेली. सूर्याच्या साधारण ३६ आणि २९ पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याचा तो ठसा. मिसळून झालेलं कृष्णविवर ६२ पटींचं. ३६ आणि २९ मिळून ६५. उरलेले तीन सूर्य लहरींच्या ऊर्जेत गेले. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पाऊस होता, दोनदा लाइट गेली, रात्रीचे अडीच वाजले. तो चढता तुकडा पडद्यावर आला तेव्हा मी आईला उठवून दाखवला. असा गोंगाट गाळण्याच्या पद्धती विकसित करण्यात पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. दोन कृष्णविवरं मिसळल्यावर उरलेलं विवर घंटेसारखं कसं घुमत शांत होतं, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच गणिताने दाखवलं होतं.

एम.एस्सी. आणि पीएच.डी.ची दारं

बी.एस्सी.नंतर आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरला, परीक्षा फेब्रुवारीत. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची एम.एस्सी.ही चांगली चालते. काही संस्थांत बी.एस्सी.नंतरच एम.एस्सी. आणि पीएच.डी. जोडून करता येते, टीआयएफआर त्यांपैकी एक. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी जेस्ट, गेट, सीएसआयआर-यूजीसी नेट, टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. कोणती संस्था कोणते गुण धरते हे बदलत राहतं, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचा, गेल्या वर्षी पास झालेल्या ताईच्या सांगण्यावर थांबू नका.

लेखी परीक्षेनंतर मुलाखत. तिथे फळ्यासमोर उभं करतात. मला विचारलं होतं, कृष्णविवर किती घन असतं? मी म्हटलं, अतिशय घन. “किती? आकडा काढा.” तो हिशोब इथे देते, कारण याच्या इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या घटना क्षितिजाची, म्हणजे जिथून आत गेलेलं काहीच बाहेर येत नाही त्या सीमेची, त्रिज्या साधारण ३ किलोमीटर. वस्तुमान दुप्पट तर त्रिज्याही दुप्पट, सरळ प्रमाण. म्हणजे आकारमान वस्तुमानाच्या घनाने वाढतं, आणि सरासरी घनता वस्तुमानाच्या वर्गाने कमी होते. सूर्याएवढ्या विवरासाठी घनता येते घनमीटरला साधारण २ वर १९ शून्यं एवढे किलो. आता एम८७ या दीर्घिकेच्या मध्यावरचं कृष्णविवर घ्या, ज्याचं चित्र १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिलं. त्याचं वस्तुमान सूर्याच्या साडेसहा अब्ज पट. साडेसहा अब्जाच्या वर्गाने भागा. घनमीटरला अर्ध्या किलोहूनही कमी. तुमच्या आजूबाजूची हवा घनमीटरला साधारण १.२ किलो भरते. घटना क्षितिजाच्या आतला सगळा भाग धरून सरासरी काढली, तर ते अजस्र कृष्णविवर हवेपेक्षा विरळ!

फळ्यावर मी शून्य मोजताना दोनदा चुकले. तरी निवड झाली, कारण चुकल्यावर मी स्वतःच म्हटलं, “थांबा, हे बरोबर वाटत नाही.” नंतर माझ्या गाइडनी सांगितलं की ते बरोबर उत्तराची वाट बघत नसतात, तुम्ही स्वतःचं उत्तर तपासता का ते बघतात. येत नसेल तर येत नाही म्हणा आणि जिथपर्यंत येतं तिथपर्यंत मोठ्याने विचार करत चला.

पीएच.डी.: विषय निवडताना

पीएच.डी. पाच ते सहा वर्षांची. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी पुन्हा वर्गात जातं. १ जानेवारी २०२३ पासून शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं किंवा वसतिगृह. हे आकडे घरच्यांना जरूर सांगा. ‘अजून शिकतेच आहे’ हे ऐकून त्यांना वाटतं की अजून फी भरायची आहे.

कामाचे ढोबळ तीन प्रकार: सिद्धांत, निरीक्षणांचं विश्लेषण, आणि उपकरणं. आपला पिंड कुठला हे पहिल्या वर्षात कळतं.

सिद्धांताकडचं एक उदाहरण. महास्फोटाला साधारण ७० कोटी वर्षं होत असतानाच सूर्याच्या अब्जाहून जास्त पट वस्तुमानाची कृष्णविवरं अस्तित्वात होती, असं निरीक्षणांतून दिसतं. विश्वाचं आजचं वय १३८० कोटी वर्षं, त्यातली ही पहिली ७० कोटी. एवढी मोठी ती एवढ्या लवकर झाली कशी? कृष्णविवराची वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. खाताना बाहेर पडणारा प्रकाशच नवा वायू मागे लोटतो, त्यामुळे वेगाला मर्यादा येते. नेहमीच्या गृहीतकांनी वस्तुमान २.७ पट व्हायला साधारण ५ कोटी वर्षं लागतात. पहिल्या ताऱ्यांच्या मरणातून आलेलं शंभर सूर्यांचं बीज (सुरुवातीचं कृष्णविवर) घेतलं तर ते अब्जापर्यंत न्यायला असे सोळा टप्पे, म्हणजे ८० कोटी वर्षं. वेळ पुरत नाही. लाख सूर्यांचं बीज घेतलं तर नऊ-साडेनऊ टप्पे, ४६ कोटींच्या आसपास. बसतं. आंबा बाठ्यापासून लावला की फळाला किती वर्षं आणि कलम लावलं की किती, हे आपल्याला माहीत आहे. इथे प्रश्न तोच आहे: निसर्गाने कलमं कुठून आणली? खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जड बीजांचा सिद्धांत मांडला. प्रचंड वायूचा ढग तारे न होता थेट कोसळून कृष्णविवर होतो, असा तो विचार. २०२३ मध्ये जेम्स वेब आणि चंद्रा या दोन अवकाश दुर्बिणींच्या निरीक्षणांतून यूएचझेड१ ही दीर्घिका पुढे आली. विश्व ५० कोटी वर्षांचंही नव्हतं तेव्हाची, आणि तिच्या मध्यावर मोठं कृष्णविवर. या सिद्धांताच्या बाजूचा तो पुरावा मानला जातो, पण वाद मिटलेला नाही. तुम्ही पीएच.डी.ला याल तेव्हाही काम शिल्लक असेल.

उपकरणांकडचं उदाहरण आपल्या शेजारचं. पहिले तारे पेटले तेव्हाच्या हायड्रोजनचा रेडिओ संदेश आज आपल्यापर्यंत ५० ते १०० मेगाहर्ट्झच्या सुमाराला पोहोचायला हवा, म्हणजे एफएम रेडिओच्या शेजारी. २०१८ मध्ये परदेशातल्या एका गटाने तो सापडल्याचं जाहीर केलं. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या गटाने पडताळा घ्यायचं ठरवलं. जमिनीवर अँटेना ठेवली की खालची माती, खडक, ओल प्रत्येक जागी वेगळी, आणि ती मोजणीत मिसळते. म्हणून त्यांनी २०२० मध्ये आपली सारस ही अँटेना तराफ्यावर बसवून कर्नाटकात शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये आणि एका तलावात तरंगवली. खाली पाणीच पाणी, एकसारखं. २०२२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: जाहीर झालेला तो संकेत आम्हाला दिसत नाही. दुसऱ्याचा मोठा शोध पडताळायला तराफा बांधून पाण्यात उतरलेली ही माणसं मला विजयदुर्गच्या ओट्यांवरच्या प्रश्नाची आठवण करून देतात. खाडीत होडी स्थिर ठेवण्याचं कसब ज्यांच्या घरात आहे त्यांनी या कामाचा विचार करावा, हे मी अगदी मनापासून सांगते.

विषयापेक्षा गाइड महत्त्वाचा. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठा, चहाला न्या, आणि तीन गोष्टी विचारा. आधीच्यांना किती वर्षं लागली? गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात? पहिला शोधनिबंध कितव्या वर्षी निघाला? विद्यार्थी उत्तर द्यायला घुटमळले तर ते घुटमळणंही लक्षात घ्या.

रोज सकाळी आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर नवे शोधनिबंध येतात, फुकट. सगळे वाचायचे नाहीत. शीर्षकं चाळा, दोन-तीन सारांश वाचा, आणि आठवड्याला एकच निबंध असा वाचा की त्यातली समीकरणं स्वतः मांडून बघितलीत.

त्यानंतरची वर्षं

हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पीएच.डी. झाली की कायमची नोकरी मिळत नाही. पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, करावं लागतं, एका ठिकाणी दोन-तीन वर्षं, अशी दोन किंवा तीन ठिकाणं, बहुतेकदा वेगवेगळ्या देशांत. अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबर दरम्यान जातात, आंब्याला मोहोर धरायच्या दिवसांत, आणि मोहोरासारखेच बहुतेक गळून जातात. पहिल्या हंगामात मी छत्तीस अर्ज केले, एक होकार आला. नकार वाचून ठेवून द्यायचे, त्यात आपल्या कामाचं मोजमाप शोधायचं नाही. तीन शिफारसपत्रं इथे सगळ्यांत जड पडतात. म्हणून पीएच.डी.च्या काळातच गाइडशिवाय आणखी दोन जणांना तुमचं काम नीट माहीत व्हायला हवं, परिषदेत, एकत्र केलेल्या निबंधात.

प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत आणि येणारे जास्त. माझ्यासोबतचे काही जण माहिती-विश्लेषणाच्या कंपन्यांत गेले, एक हवामानाच्या कामात, एक मैत्रीण कॉलेजात शिकवते आणि तिचे विद्यार्थी आता परीक्षा देताहेत. जे शिकलेत ते सगळीकडे उपयोगी पडतं. पण निघतानाच हे माहीत असू द्या.

घरचे विचारणारच. माझ्या आजीने विचारलं होतं, “गो, ह्यां शिकान पुढे काय करतलंस?” मी तिला भरतीचा हिशोब सांगितला. तिने सगळा ऐकून घेतला आणि म्हणाली, “ह्यां तुझ्या आजोबाक बरां समाजला असता.” त्यानंतर घरात कोणी मला अडवलं नाही. आई-वडिलांना तुम्ही काय शिकताय ते त्यांच्या भाषेत एकदा नीट समजावून सांगा, अर्धी काळजी तिथेच कमी होते. उरलेली पैशांची, ती वर लिहिलेल्या आकड्यांनी.

यंदा एक गोष्ट करा. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिनाच्या सुमाराला पुण्यात आयुका आणि नारायणगावजवळ खोडद इथली जीएमआरटी रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या काही एकत्र आणि बाकीच्या पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तारखा आधी संकेतस्थळावर बघा. रात्रीच्या गाडीने पुण्याला या, पुण्याहून नारायणगावची एसटी धरा, तिथून खोडदला. डबा आणि पाणी सोबत ठेवा, ऊन कडक असतं. मोबाइल बंद करायला सांगितला तर लगेच करा, त्याच्या लहरी तबकड्यांना त्रास देतात. तबकड्यांपाशी फोटो काढून झाला की तक्त्यांजवळ उभ्या असलेल्या पीएच.डी.च्या मुलामुलींकडे जा. त्यांना मराठीत विचारा, तुम्ही कुठून आलात, कोणती परीक्षा दिलीत, सध्या काय अडलं आहे. ते आनंदाने सांगतील.